बुजलेलें शिंगरूं

गेल्या वर्षीं आठवीच्या वर्गांत तपासलेल्या वह्या परत देत असतां पुढच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें मला एकदम विचारलें, "सर, तुमच्या तळहातावर हा पांढरा पट्टा कशाचा?" "लहानपणीं दोर घासला होता," एवढेंच सांगून मी व्याकरणाकडे वळलों. उत्तर खोटें नव्हतें, परंतु अपुरें होतें. तो दोर कोणाच्या गळ्यांत होता, तो मीं कां धरला होता, आणि त्या दिवशीं माझ्या हातून दुसऱ्या कोणाचें काय नुकसान झालें, हें सर्व वर्गापुढें सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं. वार्षिक अंकाकरितां कांहीं लिहून द्यावें असें संपादकांनीं सुचविलें, तेव्हां त्या मुलाचें राहिलेलें उत्तर येथेंच द्यावें असें मनांत आलें.

माझे थोरले काका भीमेच्या कांठीं एका लहानशा गांवीं राहत व दौंडच्या रेल्वे स्थानकापासून आसपासच्या गांवांपर्यंत टांगा हांकीत. ही १९९४ सालची गोष्ट. त्या वेळीं मोटारी पुष्कळ झाल्या होत्या. तरी रात्रीच्या गाडीनें उतरणारे उतारू आणि बाजार करून परतणाऱ्या बायाबापड्या काकांच्या टांग्याचीच वाट पाहत. त्यांची घोडी त्यांनीं एका धनगर कुटुंबाकडून विकत घेतली होती. दिवाळीनंतर मेंढरें घेऊन कोंकणांत उतरावें व पावसाळ्यापूर्वीं देशावर परत यावें, हा या धनगरांचा क्रम. त्या प्रवासांत भांडीं, घोंगड्या, कोंबड्या, कधीं कधीं तान्हें मूलसुद्धां ज्यांच्या पाठीवर असतें, तीं हीं भीमथडीचीं तट्टें. अंगानें लहान, खुरांनीं कठीण, थोड्या चाऱ्यावर तग धरणारीं. मराठ्यांच्या फौजांनीं लांबलांबच्या मजला मारल्या त्या याच तट्टांच्या बळावर.

या घोडीला एक शिंगरूं झालें. रंग तांबूस, कपाळावर बोटभर पांढरा ठिपका, आणि पाय असे बारीक कीं काकूंनीं तिचें नांव हरणी ठेविलें. दर सुटींत मी तिच्यासाठीं खिशांत गुळाचा खडा घेऊन जाई. कुंपणाजवळ माझी चाहूल लागतांच ती खिंकाळत धांवत येई आणि माझा खिसा हुंगूं लागे. त्या वर्षीं उन्हाळ्यांत ती अडीच वर्षांची होती आणि मी चौदा वर्षांचा. रोज सकाळीं मी काकांना एकच प्रश्न विचारीत असें, "काका, हिच्यावर मी कधीं बसूं?"

काका म्हणत, "अरे, अजून तिचीं हाडं कोंवळीं आहेत. पुढच्या वर्षीं बघूं."

काकांचें म्हणणें अगदीं खरें होतें, हें मला पुढें कळलें. घोडा उंचीनें लवकर वाढतो, त्यामुळें तो तयार झाला असें आपणांस वाटतें. परंतु त्याच्या हाडांच्या टोकांशीं वाढीचे जे कोंवळे थर असतात, ते एकामागून एक पुष्कळ काळानें पक्के होतात. पाठीच्या मणक्यांची वाढ तर पांच-सहा वर्षांपर्यंत चालू राहते. पण चौदा वर्षांच्या मुलाला पुढचें वर्ष म्हणजे पुढचें युग वाटतें.

मे महिन्याच्या आरंभीं काकूंच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेकरितां काकांना दहा दिवस पुण्यास जावें लागलें. घरीं आजी आणि मी. घोड्यांचें दाणापाणी माझ्याकडे होतें. दुसऱ्याच दिवशीं एक चाबूकस्वार गांवांत आला. वरातींत नाचणारे घोडे तयार करणें हा त्याचा धंदा. हरणीकडे पाहून तो म्हणाला, "आठ दिवसांत हिला मेंढरासारखी करून देतों." माझ्याजवळ सांठविलेले शंभर रुपये होते. काका परत येतील तेव्हां आपण हरणीवर स्वार होऊन त्यांस वेशीपर्यंत सामोरे जाऊं, असें चित्र माझ्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. आजीला मीं सांगितलें कीं काकांनींच या माणसाला बोलाविलें आहे. पहिली चूक ही.

पहिल्या दिवशीं त्यानें हरणीच्या पाठीवर खोगीर टाकलें. ती उसळली, त्यानें तंग आणखी आवळला. दुसऱ्या दिवशीं तिचें तोंड जेरबंदानें छातीकडे ओढून बांधलें. तिसऱ्या दिवशीं तोंडांत लगामाचें लोखंड घातलें आणि चाबूक उगारला. ती अडली कीं चाबूक बसे. पुढें सरली कीं लोखंड मागें ओढलें जाई आणि पुन्हां चाबूक बसे. आज शिक्षक या नात्यानें मला त्यांतील सर्वांत क्रूर गोष्ट दिसते ती हीच. कोणतें उत्तर बरोबर, हें कळण्याचा मार्गच तिला ठेविला नव्हता. जें करावें त्याला शिक्षा होती. मी कडेला दोर धरून उभा होतों. "पुरे" असा एक शब्द माझ्या तोंडून निघाला असता तर तो माणूस थांबला असता, कारण पैसे माझे होते. तो शब्द मीं उच्चारला नाहीं.

शेवटीं हरणी मागील पायांवर उभी राहिली आणि तोल जाऊन पाठीवर पडली. खोगीर मोडल्याचा आवाज झाला. ती धडपडत उठली ती सरळ नदीकडे धांवत सुटली. दोर माझ्या हातांतून सरसर निघून गेला आणि त्याबरोबर तळहाताचें कातडेंही गेलें. हरणी उंसांत दिसेनाशी झाली. चाबूकस्वारानें घाम पुसला, "जनावर ऐबी आहे," असा निकाल दिला, आणि पैसे घेऊन तो चालता झाला.

पहांटे ती आपण होऊन आईजवळ परत आली. ओठांवर रक्त सुकलें होतें. मी खिशांत हात घातला आणि गुळाचा खडा पुढें केला. तिनें कान मागें पाडले, डोळ्यांचें पांढरें दिसलें, आणि ती आईच्या आड जाऊन उभी राहिली. त्यापुढें चार-पांच दिवसांत तिच्या भीतीचा सारा नकाशा मला पाठ झाला. डावीकडून कोणी आलें कीं ती वळून लाथ झाडी. कारण खोगीर डावीकडून चढविलें होतें. बादलीची कडी वाजली कीं तिच्या अंगाला कंप सुटे. कारण तो आवाज लोखंडाचा होता. दोर दिसला कीं ती कुंपणाच्या टोंकाला जाई. मला पाहूनही ती आतां तेथेंच जात असे.

काका परत आले तेव्हां सांगण्यासाठीं मीं एक गोष्ट तयार करून ठेविली होती: दोर तुटला, ती पळाली, कुंपणाची तार लागली. काकांनीं आधीं हरणीचें तोंड पाहिलें, मग माझा बांधलेला हात पाहिला, आणि कांहींच विचारलें नाहीं. त्या न विचारण्यापुढें माझी गोष्ट टिकली नाहीं. मीं सर्व सांगून टाकलें. त्यांनीं मला मारलें असतें तर बरें, असें मला वाटलें. पुष्कळ वेळानें ते म्हणाले, "तूं हरणीचं देणं लागतोस. तें पैशानं फिटायचं नाहीं. सुटी संपेपर्यंत रोज दोन घटका तिच्या कुंपणांत बसायचं. तिला हात लावायचा नाहीं, बोलवायचं नाहीं."

पण त्याआधीं त्यांनीं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांतील डॉक्टरांस बोलावून आणिलें. घोड्याचे पुढचे दांत व दाढा यांच्यामध्यें हिरडीचा एक भाग मोकळा असतो आणि लगामाचें लोखंड त्या उघड्या हिरडीवर बसतें. हरणीची ती हिरडी फाटली होती. शिवाय वरच्या दाढांच्या अगदीं पुढें कांहीं घोड्यांस जो मण्याएवढा निरुपयोगी दांत असतो, तो तिला होता. लोखंड त्यावर आदळत होतें. त्यांतच अडीच वर्षें हें दुधाचे दांत पडण्याचें वय. डॉक्टर गेल्यावर काका म्हणाले, "जनावर हट्ट करतं असं म्हणण्याआधीं त्याला कुठं दुखतं तें बघावं." जखमा भरेपर्यंत तिच्या तोंडाजवळ कांहींही न्यायचें नाहीं असें ठरलें, तो लहान दांतही डॉक्टरांनीं पुढें काढून टाकला.

मी कुंपणांत लिंबाच्या झाडाखालीं पुस्तक घेऊन बसूं लागलों. पहिले तीन दिवस हरणी दूरच्या कोंपऱ्यांत माझ्याकडे एक डोळा लावून उभी राही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात. त्यामुळें तो जवळ जवळ सर्व बाजूंस एकाच वेळीं पाहूं शकतो. फक्त कपाळाच्या अगदीं समोरचा व शेंपटीच्या अगदीं मागचा थोडासा भाग त्यास दिसत नाहीं. वाघ-लांडग्यांचें भक्ष्य असलेल्या प्राण्याला निसर्गानें दिलेलें हें संरक्षण आहे. पळून जाणें हेंच त्याचें मुख्य शस्त्र. म्हणून त्याच्या तोंडासमोरून अथवा मागून एकाएकीं जाऊं नये. खांद्याच्या रोखानें, हळू बोलत, थांबत थांबत जावें. हें सर्व काकांनीं मला त्या झाडाखालीं शिकविलें.

सातव्या दिवशीं मी वाचण्यांत गुंग असतां मानेवर उष्ण श्वास जाणवला. माझें काळीज धडधडूं लागलें, पण मी हाललों नाहीं. हरणीनें माझा खांदा हुंगला, पुस्तकाचें पान ओठांनीं उचलून पाहिलें, आणि ती निघून गेली. ती माझ्या हांकेवांचून आली होती आणि स्वतःच्या मर्जीनें परत गेली होती. आपण पाहिजे तेव्हां जाऊं शकतों हें कळल्यावरच तिला जवळ येण्याचें धैर्य झालें.

त्यानंतर हात लावण्याची परवानगी मिळाली, पण तीही एकाच ठिकाणीं: आयाळ संपते तेथें, खांद्याच्या उंचवट्यावर. दोन घोडे मैत्रीनें उभे राहिले म्हणजे एकमेकांना दांतांनीं तेथेंच खाजवितात. १९९३ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं मोजून पाहिलें, तेव्हां या जागीं खाजविल्यानें घोड्याच्या हृदयाचे ठोके मंद होतात असें दिसून आलें. काकांना त्या संशोधनाची वार्ता नव्हती. त्यांच्या बोटांना मात्र ती जागा ठाऊक होती.

मग दोराचा धडा सुरू झाला. लोखंडाऐवजीं तिला सुती दोरीची मोहरकी घातली. मी दोर ओढला, ती अडली; मी आणखी ओढूं लागलों. काकांनीं माझा हात धरला. "ओढल्यानं घोडा शिकत नाहीं, बाळ. सैल सोडल्यानं शिकतो. थोडा ताण दे आणि थांब. तिनं अर्धं पाऊल टाकलं कीं त्याच क्षणीं दोर ढिला कर." तसें केलें. बराच वेळ कांहीं झालें नाहीं. मग तिनें अंगाचा भार किंचित् पुढें घेतला, आणि मीं दोर सोडला. दुसऱ्या वेळीं अर्धें पाऊल, तिसऱ्या वेळीं पुरें पाऊल. ढिलाई हीच तिची शाबासकी होती. ती क्षणभर उशिरा मिळाली तर आपलें कोणतें करणें बरोबर होतें हें घोड्यास कळत नाहीं. चाबूकस्वाराच्या हातीं तीन दिवसांत हरणीला ती एकदांही मिळाली नव्हती.

असें सारें सुरळीत चाललें असतां मीं पुन्हां चूक केली. खोगिराची भीति जावी म्हणून काका तिला गोणपाट दाखवीत. प्रथम जमिनीवर, मग खांद्यास टेकवून, मग पाठीवर अर्धें, एकदां डावीकडून व एकदां उजवीकडून. ती शांत उभी राहिली कीं ते लगेच काढून घेत आणि त्या दिवसाचा पाठ संपवीत. एका सकाळीं काका टांगा घेऊन गेले होते. ती इतकी शांत दिसली कीं मीं सारें गोणपाट एकदम तिच्या पाठीवर टाकलें. ती उडाली, कुंपणाला धडकली, आणि त्यानंतर चार दिवस माझ्या वाऱ्यासही उभी राहिली नाहीं. या वेळीं मीं काकांना संध्याकाळीं आपण होऊन सांगितलें. ते एवढेंच म्हणाले, "मग उद्यां पुन्हां पुस्तक घेऊन बस." आम्हीं पहिल्यापासून आरंभ केला.

जून महिना उजाडला, शाळा उघडली, आणि मी हरणीवर न बसतांच घरीं परतलों. पुढचें काम काकांनीं केलें. ते रोज तोबऱ्यांत चंदी घालतांना लगामाचें लोखंड शेजारीं हळूच वाजवीत. महिनाभरानें त्या आवाजासरशीं ती मान वर करी, परंतु कुंपणाकडे न पळतां तोबऱ्याकडे पाही. दिवाळीच्या सुटींत मी गेलों तेव्हां तिच्या पाठीवर रिकामें खोगीर होतें आणि ती गवत खात होती. १९९५ च्या मे महिन्यांत काकांनीं मला तिच्या पाठीवर प्रथम नुसतें पोटावर आडवें पडूं दिलें, आणि आठ दिवसांनीं बसविलें. लिंबापासून विहिरीपर्यंत दहा-बारा पावलें. एवढीच माझी पहिली रपेट. विहिरीपाशीं ती थांबली, मान वळवून तिनें माझ्या पायाचा आंगठा हुंगला. मीं दोर सैल सोडला. ज्या क्षणासाठीं मीं वर्षापूर्वीं शंभर रुपये मोजले होते तो हा क्षण. तो विकत मिळण्याजोगा नव्हता हें मला तेव्हां कळलें.

तरी एक गोष्ट येथें लिहिलीच पाहिजे. हरणी पुढें उत्तम टांग्याची घोडी झाली, माझ्या धाकट्या चुलतबहिणीही तिच्यावर बसून शेतावर जात. परंतु कोठें अवचित लोखंड खणखणलें कीं तिची मान झटकन् वर जाई. २०१६ सालीं ती गेली, तोपर्यंत हें गेलें नाहीं. प्राण्यांच्या शिकण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ सांगतात कीं, जुनी भीति पुसून टाकतां येत नाहीं. नवे चांगले अनुभव तिच्यावर थर धरतात आणि ती खालीं दबून राहते. पश्चात्ताप पुष्कळ कांहीं करूं शकतो, पण झालेली गोष्ट न झालेली करूं शकत नाहीं.

पुढें महाविद्यालयांत ग्रीक इतिहास वाचतांना झेनोफन या ग्रंथकाराची ओळख झाली. हा सेनानी ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत होऊन गेला आणि अश्वविद्येवर त्यानें एक ग्रंथ लिहिला. रागाच्या भरांत घोड्याशीं कधींही वागूं नये, आणि एखाद्या वस्तूस घोडा भीत असतां त्यास मारूं नये, कारण मारानें होणारी वेदना त्या वस्तूचीच आहे असें त्यास वाटतें, असा त्याचा उपदेश आहे. तें वाचून मला काकांची आठवण झाली. चौथीपर्यंत शिकलेला एक टांगेवाला आणि अथेन्सचा एक विद्वान् यांस घोड्यानें एकच धडा शिकविला होता.

आणि तरीही मी तो विसरलों. नोकरीच्या पहिल्या वर्षीं एक मुलगा वाचतांना अडखळे. एके दिवशीं माझा धीर सुटला आणि मी सर्व वर्गापुढें त्याच्या वाचनाची नक्कल केली. वर्ग हंसला. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाचें तोंड मिटलें. त्याचें नांव घेतलें कीं तो बांकाकडे पाही, आणि त्याचे हात कांपत. तें कांपणें मीं पूर्वीं कोठें पाहिलें आहे हें आठवण्यास मला वेळ लागला नाहीं. मीं प्रथम वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. मग त्यास वाचावयास न सांगतां मधल्या सुटींत त्याच्याजवळ पुस्तक घेऊन बसूं लागलों. चष्म्याची जरूर आहे कीं काय हें पाहण्याविषयीं त्याच्या वडिलांस सुचविलें, ती होती. पहिल्यानें तो एक शब्द वाची आणि मी "बस, आजचें झालें," असें म्हणे. वर्षाच्या अखेरीस त्यानें वर्गांत उभें राहून एक परिच्छेद वाचला. आवाज कांपत होता. पण तो शेवटपर्यंत पोंचला.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणाचा एखाद्या विषयाशीं, एखाद्या शिक्षकाशीं अथवा सोबत्याशीं असा वाईट प्रसंग झाला असेल, तर तुम्ही ऐबी आहांत असें कोणी म्हणालें तरी त्यावर विश्वास ठेवूं नका. आणि तुमच्याच हातून कोणी बुजला असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसण्यास आजच आरंभ करा. त्यास किती दिवस लागतील हें मात्र तुम्हीं ठरवावयाचें नाहीं, त्यानें ठरवावयाचें. पालकांस माझी विनंति एवढीच कीं, मूल अडलें असतां दोर आणखी ओढण्यापूर्वीं त्याला कोठें दुखतें तें पाहावें, आणि त्यानें अर्धें पाऊल टाकतांच हात ढिला करावा.

ज्या विद्यार्थ्यानें मला तो प्रश्न विचारला तो आतां नववींत आहे. त्याला माझें उत्तर मिळालें. फळ्यावर लिहून झालें कीं खडूची पांढरी धूळ माझ्या तळहाताच्या त्या पट्ट्यांत बसते. ती झटकतांना मी अजून क्षणभर थांबतों, आणि मग वर्गाकडे वळतों.